मानाचा रकाना

“कुणाची गं तू?”

“किसनरावांची.”

डेअरीच्या ओट्यावर हशा पिकला. सेक्रेटरीनं हातातलं माप खाली ठेवलं. गावच्या पाटलाच्या भावकीतला माणूस. ओट्यावर बसलेल्यांकडं वळून म्हणाला, “ऐकलं का? आपल्या गावात किसनराव आलेत. कोन्या वाड्यातले, इच्यारा जरा.”

मी शाळेच्या परकरात. हातात दुधाची किटली, किटलीवर ओलं फडकं. शाळेत बाईंनी शिकवलं होतं, वडिलांचं नाव मानानं घ्यायचं. मी घेतलं. बाप माझ्या मागंच उभा होता, ओट्याच्या खाली. ओट्यावर चढायची आम्हाला मुभा नव्हती. मांगवाड्यातली एकच म्हैस, ती आमची. आमचं दूध सगळ्यांत शेवटी. सेक्रेटरी माप ओट्याच्या कडेला ठेवायचा आणि बाप मापाला किटली न लागू देता वरून धार सोडायचा. थेंब सांडला तर शिवी.

“नीट सांग. कुणाची?”

मी किटलीवरचं फडकं नीट केलं.

“दूध घ्यायचं का न्हाई?”

उन्हाळा होता. दूध थांबत नाही. मागून बापाचा आवाज आला, हळू, “सांग की, बाई.”

“किसन्याची.”

“हां. आता कसं.”

माप भरलं. आम्ही निघालो. वाटेत बाप म्हणाला, “म्हनायचं अन् यायचं. त्यानं काय अंगाला भोक पडत न्हाई. दूध नासतं मात्र.”

“पन कावून म्हनायचं?”

बाप चालत राहिला. मरेपर्यंत त्यानं या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. गावानंही मरेपर्यंत त्याला किसन्याच म्हटलं. सरणावर ठेवल्यावरही कुणीतरी म्हणालं, किसन्या गेला बिचारा.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

आता मी पंचेचाळिशी ओलांडलेली बाई आहे. काम शिस्तीत करते. सकाळी कामांची यादी करते, झालेलं खोडते, उरलेलं उद्यावर नेते. आयटीआय केली, मग डिप्लोमा, मग बीडमध्ये तात्यांच्या दुकानात लागले. दुकान म्हणायचं, पण खाली दूध संकलनाची मशिनं जोडतात आणि वरच्या खोलीत त्या मशिनांचे प्रोग्राम लिहितात. प्रोग्राम मी लिहिते. म्हणजे लिहायचे. शेतकरी दूध घेऊन येतो, नंबर सांगतो. मशीन वजन करतं, फॅट बघतं आणि भोंग्यावरून बोलतं: अमुक अमुक, म्हशीचं दूध, इतकं लिटर. बोलणारं मशीन हीच आमची खासियत. खेड्यापाड्यांतल्या केंद्रांवर तेवढ्यासाठी आमचं मशीन खपायचं.

तात्या म्हणजे दुकानाचे मालक. बागायती घराणं, घरात डेअरीची चेअरमनकी पिढ्यान्‌पिढ्या. माझ्याशी बरे वागायचे. गिऱ्हाइकापुढं मला ‘मॅडम’ म्हणायचे, गिऱ्हाईक गेलं की ‘बाई’.

एका चेअरमनानं तक्रार केली. काय, तर मशीन त्याला नुसतं ‘दत्तात्रय’ म्हणतं. चारचौघांत. त्याच्या सालगड्याला ‘बाबू’ म्हणतं आणि त्याला ‘दत्तात्रय’. म्हणजे मशीनच्या लेखी दोघं सारखेच. त्याचं म्हणणं, हे मशीन माजलंय.

तात्यांनी मनावर घेतलं. मी तेव्हा घाटनांदूरकडच्या केंद्रांवर मशिनं बसवत फिरत होते. माझ्या माघारी त्यांनी नवा रकाना घालायला सांगितला. सभासदाच्या नावापुढं एक खूण: मान, होय किंवा नाही. कुणाला होय आणि कुणाला नाही, ते केंद्राचा सेक्रेटरी ठरवणार. होय असेल तर आधी घंटा वाजणार आणि नावाला मान लागणार. पुरुषाला राव, बाईला ताई. नाही असेल तर नुसतं नाव.

हे काम दिलं निखतला. निखत माझ्या हाताखाली नवीनच लागली होती. तिचे अब्बा बीडमध्येच मोटरसायकली दुरुस्त करतात. पोरगी हुशार, घाई फार. आम्ही सी भाषेत लिहितो. तिनं पुस्तकातून मॅक्रो, म्हणजे नाव घेतलं की ठरलेल्या ओळी आपोआप लिहून देणारी सोय, शिकून घेतला होता आणि जो नवीन शिकतो तो सगळीकडं वापरतो, तसा तिनं तो वापरला. एक मोठा मॅक्रो केला. केंद्राचं नाव दिलं की त्या केंद्राचं बोलायचं सगळं फंक्शन तो मॅक्रोच लिहून देणार. त्याच्या पोटात दुसरा छोटा मॅक्रो, मान लावायचा. मॅक्रो तिच्या डोक्यात पक्का बसला होता. लिहिलेलं तपासून मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरनंही काही खोड काढली नाही. मशिनं गेली.

मी परतले त्या दिवशी तात्या जिना चढून वर आले. ते वर येत नसत.

“काय करून ठेवलंय हे? लिंबागणेशच्या पलीकडून फोन हाय. तक्रार केलेल्या त्या दत्तूअण्णा चेअरमनच्या केंद्रावरून. गोविंद्याला मशीन गोविंदराव म्हनलंय.”

निखत उभी राहिली.

“कोण गोविंद?” मी विचारलं.

“हाय एक. खालच्या वस्तीचा.” बोलता बोलता तात्या थांबले. माझ्याकडं पाहिलं, मग खिडकीकडं. “पोरं त्याला चिडवाय लागली. या गोविंदराव, खुर्ची आनू का. त्यो म्हनला, मशीनला इच्यारा, मी कुटं म्हनलो. झाली का बाचाबाची? दत्तूअण्णानी मशीन बंद केलंय. म्हनला, मशीन दुरुस्त होईस्तोवर खालच्या वस्तीचं दूध घेणार न्हाई.”

“मशीन बिघडलं तर सगळ्यांचंच दूध थांबायला हवं.”

“बाई, मला अक्कल नका शिकवू. परवा मी स्वतः येतो संगं. त्याच्या आत झालं पायजे. न्हाई झालं तर ही पोरगी घरी.” निखतकडं न बघताच बोलले आणि उतरले.

निखतचे डोळे भरले होते. मी म्हटलं, “रडणं नंतर. आधी बस. दाखव.”

तिनं दाखवलं. मी विचारलं, “मॅक्रो काय करतो?”

“मान लावतो, ताई.”

“नाही. मॅक्रो काहीच करत नाही. तो फक्त लिहून देतो. नक्कल करणाऱ्या कारकुनासारखा. तू दिलेला मजकूर जिथं नाव येईल तिथं जसाच्या तसा चिकटवतो. कंपायलर नंतर येतो, त्याला चिकटवलेलंच दिसतं. आणि तू बघत बसलीस न चिकटवलेलं. म्हणून तुला चूक दिसेना.”

“मग बघू कसं?”

“उलगडून बघ. कंपायलरला सांग, नुसते मॅक्रो उलगड आणि थांब.”

आज्ञा तिला मी सांगितली, टाइप तिनंच केली. शिकवताना मी दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावत नाही. पडदा भरून मजकूर आला. तिनं ओळीवरून बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं.

“ताई, ‘जर’च्या ताब्यात फक्त घंटा हाय. राव बाहेरच राहिलाय.”

हीच चूक होती. छोट्या मॅक्रोत दोन कामं: घंटा वाजव, मान लाव. वापरताना तिनं लिहिलं होतं, जर मान होय असेल तर मॅक्रो. कंस दिलेले नव्हते. कंस नसले की ‘जर’ला पुढचं एकच काम दिसतं. दुसरं काम अटीतून सुटतं आणि सगळ्यांसाठी होतं. घंटा मोजक्यांना वाजली, मान सगळ्यांना मिळाला.

निखत हसली. रडून झाल्यावरचं हसू. “म्हणजे मशीननं चुकून चांगलं काम केलं.”

मी हसले नाही. मी तिला रीत सांगत होते. वीटभट्टीचा साचा पाहिलास का? माझी आई भट्टीवर विटा पाडायची. साच्याचा कोपरा फुटका असला तर प्रत्येक वीट तशीच निघते. एकेक वीट घासत बसायचं नाही. साचा दुरुस्त करायचा. म्हणून एकेका केंद्राचं फंक्शन धरून बसू नको, मॅक्रोत जा. एकाहून जास्त कामं असली की त्यांना एका कंसात बांध, वर डू-व्हाइलचं कडं घाल, म्हणजे कुठंही चिकटवलं तरी ती एकत्र राहतात. मॅक्रोला जे देतेस तेही कंसात. आणि बदल केला की पुन्हा उलगड, पुन्हा बघ. मनातलं आणि कागदावरचं वेगळं असतं.

तिनं केलं. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमलं. भोंगा जोडला. आधी दत्तूअण्णाचा नंबर दिला. घंटा. “दत्तात्रयराव.” मग गोविंदचा. घंटा नाही. “गोविंद.”

“बरोबर आलं ना, ताई?”

बरोबर आलं होतं. सांगितलं होतं तसंच, तंतोतंत. एक ओळ सुटलेली नाही.

 तो भोंगा आमचाच. आवाज मीच निवडलेला, स्वच्छ, बाईचा, प्रेमळ. त्या आवाजात ‘गोविंद’ असं ऐकलं आणि पुढं मला आपोआप ‘हां, आता कसं’ ऐकू आलं. त्या सेक्रेटरीला निदान तोंड होतं. एकेक माणूस बघून त्याला रोज नव्यानं हलकट व्हावं लागायचं. आता एकदा लिहून दिलं की झालं. केंद्रं वाढतील, मॅक्रो लिहीत राहील, मशीन न थकता बापाला किसन्या म्हणत राहील. आणि लिहून देणारी मी.

निखत नंबर बदलून बघत होती. गंमत म्हणून म्हणाली, “अब्बांचं नाव टाकू? करीमराव म्हणंल.”

“नाही म्हणणार.”

“का?”

“रकान्यात काय भरतील?”

तिनं कीबोर्ड बाजूला सारला. म्हणाली, “अब्बांना तर नाव बी न्हाई घेत कुणी. ए मिस्त्री म्हणतात.”

“मॅक्रो ठेव,” मी म्हटलं. “चांगला लिहिलायस. अट काढ.”

“तात्या?”

“तात्यांना मी बघते. मान लावायचा तर सगळ्यांना. पुरुषाला राव, बाईला ताई, तुझ्या अब्बांसारखं कुणी असेल तर भाई. नाहीतर कुणालाच नको. रकाना काढ.”

“माझी नोकरी जाईल, ताई.”

“जाईल. माझीही जाईल. तुला नको असेल तर सांग, मी एकटी करते. तुझं नाव यायचं नाही.”

तिनं कीबोर्ड स्वतःकडं ओढला. रकाना काढला. मग मी न सांगताच मॅक्रो उलगडला आणि ओळीवरून बोट फिरवत बघितलं.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं गेलो. तात्यांची गाडी. वाटेत ते म्हणाले, “झालं ना?” मी म्हटलं, “मॅक्रोतली चूक निघाली.” ते खरंच होतं. बाकीचं मला ओट्यावरच सांगायचं होतं.

ओटा आमच्या गावच्या ओट्यासारखाच. फक्त इथं फरशी बसवलीय, वर पत्रा आहे. दत्तूअण्णा खुर्चीत. पोरं कठड्यावर. आणि ओट्याखाली, पायरीच्या एका अंगाला, एक म्हातारा किटली घेऊन उभा. किटलीवर ओलं फडकं. हा कोण, ते कुणी सांगायची गरज नव्हती.

मी मशीन उघडलं, प्रोग्राम टाकला. दत्तूअण्णा म्हणाले, “आधी माझा नंबर.” निखतनं दिला. घंटा. “दत्तात्रयराव.” ते मागं रेलले. “हां. आता ह्याचा. ये बे गोविंद्या, नंबर सांग तुजा.”

म्हाताऱ्यानं नंबर सांगितला.

घंटा. “गोविंदराव.”

पोरांचं हसू अर्ध्यावरच राहिलं, कारण दत्तूअण्णा हसले नव्हते. तात्या माझ्याकडं वळले. “बाई, हे काय?”

“मॅक्रो दुरुस्त आहे. अट काढलीय. मान सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. दोन्हींतलं जे म्हणाल ते आत्ता टाकून देते. तिसरं मी लिहिणार नाही.”

“तुमी लोक...” तात्या एवढंच बोलले आणि थांबले. मग पुन्हा, हळू आवाजात, “खुर्ची दिली. मॅडम म्हनलो. ह्याच्यासाठी?”

“खुर्ची कामाची होती. काम केलंय.”

“निखत, टाक तू. जुनं टाक. येतंय ना तुला?”

निखतनं लॅपटॉप मिटला. “येतंय, चाचा. टाकणार न्हाई.”

 म्हातारा किटली धरून उभा. दत्तूअण्णा खुर्चीत पुढं झुकले. माझ्याकडं खालून वरपर्यंत पाहिलं. आवाज एकदम गोड केला. हा गोडवा मला माहीत आहे. आमच्या भागात तो जात विचारायच्या आधी येतो.

“बाई, गाव कोनतं तुमचं? तुमी कुणाच्या?”

तसाच ओटा. तोच प्रश्न. यावेळी किटली माझ्या हातात नव्हती आणि मागं उभं राहून ‘सांग की’ म्हणणारा कुणी नव्हता.

“किसनरावांची,” मी म्हटलं.

“कोन किसनराव?”

“तुम्ही ओळखणार नाही. मांगवाड्यातले.”

कठड्यावरचा एक पोरगा फिसकन हसला. मी त्याच्याकडं बघत राहिले. तो मान खाली घालेपर्यंत बघत राहिले. घाई नव्हती मला.

गोविंदरावांचं दूध त्या दिवशी घेतलं नाही. मी खाली उतरून त्यांच्याशी बोलले. म्हटलं, “माझ्यामुळं झालं.” ते म्हणाले, “तुमच्यामुळं न्हाई. म्या त्यांच्या ओट्यापशी उबा होतो, त्याच्यामुळं.” मग म्हणाले, “हाटेलला घालतो आता. भाव कमी देतो त्यो. पन तितं कुनी नावच घेत न्हाई.” जाताना दोन पावलं चालून वळले. “त्या मशीननं म्हनलं ना, त्या दिवशी, मी म्हशीला बी सांगितलं घरी जाऊन.” हसले नाहीत. सांगून निघून गेले.

परत आम्ही एसटीनं आलो. तात्यांच्या गाडीत जागा नव्हती.

तात्यांनी बाहेरून एक माणूस आणून रकाना परत घातला. बऱ्याच केंद्रांवर तो आज चालू आहे. घंटा वाजते, राव लागतो, आणि खालच्या वस्तीचं नाव उघडं बाहेर पडतं. मी निवडलेला तो स्वच्छ, प्रेमळ आवाज अजून तेच बोलतोय. हे मी थांबवू शकले नाही. कुणाचं मन बदललं, असंही मी सांगणार नाही. मला दिसलेलं नाही.

निखत आणि मी आता आमचं मशीन बनवतो. तिच्या अब्बांच्या गॅरेजच्या मागच्या खोलीत. गेल्या आठवड्यात वडवणीकडच्या एका केंद्रावर दाखवायला नेलं होतं. चेअरमनला आवडलं. वजन बघितलं, फॅट बघितली, भोंगा ऐकला. मग पाय पसरून म्हणाला, “लई भारी हाय. फक्त तेवढा मानाचा रकाना घालून द्या. लगेच घेतो, आजच.”

निखतनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं वायर गुंडाळायला घेतली. मी भोंगा उतरवला.

“कावून नाय?” त्यानं विचारलं.

लहानपणी हाच प्रश्न मी बापाला विचारला होता. त्याला उत्तर द्यायची सोय नव्हती. मला आहे.

“रकाना येणार नाही,” मी म्हटलं. “आज नाही, पुढं नाही. मशीन पाहिजे तर असंच घ्या. नको असेल तर राहू द्या.”

मशीन मांडीवर घेऊन आम्ही वडवणीच्या स्टँडवर बसलो. उद्याच्या यादीत दुसरं केंद्र आहे. तिथं मागतील. तिथंही नाही म्हणायचं आहे.